यादीतलं निम्म्याहून जास्त सामान दुकानातच राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी 9 वर्षांची, तुम्ही सदतिशीच्या, दोघींनाही पोहता येत नाही, एप्रिलमध्ये टँक लावायचाय. दुकानदारानं 11 वस्तूंची यादी हातात दिलीय, गॉगल, कॅप, कॉश्च्युम, इअरप्लग, नोज क्लिप, हाताचे फुगे, किकबोर्ड (हातात धरून पाय मारायची फळी), पुल बॉय (मांड्यांत धरायचा फोमचा तुकडा), फिन्स (पायात घालायची पाती), पॅडल (तळहाताला लावायच्या चकत्या), स्नॉर्कल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी), आणि दोघींचं मिळून बिल सहा हजाराच्या पुढं चाललंय. सासूबाई म्हणतायत कशाला एवढा खर्च, आम्ही कृष्णेत पाठीला डबा बांधून शिकलो. आणि सगळ्यात शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की तासगावकडं माहेरी द्राक्षबाग आहे, तिथं शेततळं आहे, सुट्टीत सगळी पोरं तिथंच असतात आणि मला भीती वाटते. मी सांगलीत बरीच वर्षं लेडीज बॅच आणि लहान मुलांची बॅच घेते, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या आयांच्या मनात हेच असतंय, विचारतात मात्र गॉगल कुठला घेऊ. म्हणून दोन्हीचं उत्तर देते, आधी यादीचं मग शेततळ्याचं, जरा लांबेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत ते आधीच सांगते. टँक उघडा आहे का वर छत आहे, टँकवर किकबोर्ड फुकट वापरायला मिळतात का, मुलीचा कान कधी फुटलाय का किंवा कानाचं ऑपरेशन झालंय का, ह्यावर एखाद-दुसरी वस्तू इकडं तिकडं होईल. पण नव्यानं शिकणाऱ्याला लागणाऱ्या गोष्टी तीनच, गॉगल, कॉश्च्युम, कॅप. बाकी 8 मधलं काहीही पहिल्या महिन्यात घेऊ नका.

आता गॉगल. ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार कारण मुलं पाण्याला घाबरतात त्यातली बरीचशी डोळ्यात पाणी जायला घाबरत असतात, गॉगल नीट बसला की तेच पोरगं दुसऱ्या दिवशी तोंड पाण्यात घालतंय. गॉगल ऑनलाइन मागवू नका, मुलीला घेऊन दुकानात जा. पट्टा मागं टाकून द्यायचा, नुसत्या वाट्या डोळ्यावर हलक्या दाबायच्या आणि हात सोडायचा. दोन-तीन सेकंद जरी चिकटून राहिला तरी तो गॉगल त्या चेहऱ्याचा, लगेच गळून पडला तर कितीही महागाचा असू दे, ठेवा परत. दुकानदार लावून बघू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. नाकावरचा जोड कमी-जास्त करता येणारा घ्या आणि कडेचं रबर सिलिकॉनचं मऊ असावं. मोठ्या माणसाचा गॉगल पट्टा आवळून मुलीला कधीच बसत नाही, तिच्या मापाचाच घ्यायचा.

पाणी आत यायला लागलं की आया काय करतात, पट्टा अजून आवळतात. डोळ्याभोवती लाल वळ उठतात आणि पाणी तरी येतंच. कारण बहुतेक वेळा गळती नाकापाशी असते, नाहीतर केसाची बट किंवा कॅपची कड रबराखाली आलेली असते. पट्टा कानावरून न जाता डोक्याच्या मागं जरा वरच्या बाजूला बसायला पाहिजे. आणि काढताना पुढून वाटी ओढायची नाही, ओली वाटी हातातून निसटली तर सटकन डोळ्यावर येऊन बसते आणि डोळ्याला इजा होते, मागून पट्टा धरून डोक्यावरून काढायचा. हे मुलीला पहिल्याच दिवशी शिकवा.

काच उघड्या टँकला जरा काळसर, छत असेल किंवा सकाळी 6 ची बॅच असेल तर पांढरी. आतून वाफ धरू नये म्हणून थर दिलेला असतो, तो अंगठ्यानं पुसून पुसून लोक स्वतःच घालवतात आणि मग म्हणतात गॉगल खराब निघाला. आत बोट घालायचं नाही, साध्या पाण्यातून काढायचा आणि सावलीत वाळवायचा. स्कुटीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका, सांगलीचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहितीय, महिन्याभरात रबर वाकडं होतंय. 400-600 रुपयांत चांगला येतो, त्याच्या वर द्यायची गरज नाही.

तुमचा साडेतीनचा मायनस नंबर आहे आणि लेन्स लावून उतरलं तर चालेल का असं विचारलंय. नको. अकँथअमीबा नावाचा एक जीव नळाच्या पाण्यात, टँकमध्ये, नदीत सगळीकडं असू शकतो, लेन्सखाली अडकला तर बुबुळाला वाईट इन्फेक्शन होतंय आणि ते महिनोन्‌महिने बरं होत नाही. त्यापेक्षा नंबरचे तयार गॉगल मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकानं. तुमचा साडेतीन म्हणजे तीन किंवा साडेतीनचा घ्या, थोडा कमी चालतो, जास्त नको. घड्याळ दिसलं, कोचचा हात दिसला की पुरे. इथं मात्र पैसे खर्च करा कारण समोरचं धूसर दिसत असलं की मोठ्या बायका टँकमध्ये दुप्पट घाबरतात, हे मी दरवर्षी बघते.

कॉश्च्युम. कुठला घालायचा, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा का पूर्ण अंगभर, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न, माझ्या बॅचला सगळे प्रकार असतात आणि कुणी कुणाकडं बघत नाही. कापड मात्र कॉटनचं नको. कॉटनचा टी-शर्ट आणि लेगिंग पाणी पिऊन जड होतात, हात उचलताना ओढतात आणि त्याचे तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसतात, म्हणून टँकवाले ओरडतात, ते काय संस्कृतीरक्षक नाहीत. पॉलिस्टरचं प्रमाण जास्त असलेलं घ्या, क्लोरीनमध्ये जास्त टिकतंय. नुसतं नायलॉन-लायक्रा दुकानात मऊ लागतंय पण एका सीझनमध्ये मागून झिरझिरीत होतंय, आणि ते आपल्याला स्वतःला दिसत नाही!

आपल्याकडं वाढत्या अंगाचं म्हणून एक साइज मोठा घ्यायची सवय. शाळेच्या युनिफॉर्मला ठीक आहे, इथं नाही. ढगळ्या कॉश्च्युममध्ये पाणी भरतंय आणि पोरगी ते ओढत पोहते. कोरडा असताना जरा घट्टच वाटला पाहिजे, पाण्यात तो सैल होतो. घरी आल्यावर साध्या पाण्यात खळबळून, न पिळता, सावलीत. मशीन नको, धुण्याची पावडर नको.

दुकानदार रेसिंग सूट दाखवेल, ह्यानं स्पीड वाढतो म्हणेल. सूटनं स्पीड वाढतो हे खरंय, 2009 ला रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्या पॉलियुरेथेनच्या सूटमुळं 43 वर्ल्ड रेकॉर्ड झाले आणि 1 जानेवारी 2010 पासून ते सूट बंदच करून टाकले. पण तो सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशोब, आपल्याला अजून टँकच्या कडेचा पाइप सोडायचाय. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड आणलं, देशाचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड, त्यावेळी असले सूट कुणाच्या स्वप्नात पण नव्हते. त्या दुकानात हे नाव घेऊन बघा एकदा.

कॅपबद्दल गैरसमज असा की केस कोरडे राहतात. राहत नाहीत. केस तोंडावर येऊ नयेत, फिल्टरमध्ये जाऊ नयेत आणि गर्दीत डोकं लांबून दिसावं यासाठी ती असते. म्हणून मुलीला भडक रंगाची घ्या, केशरी किंवा पोपटी, निळी नको, निळ्या पाण्यात निळं डोकं मला कडेवरून शोधावं लागतंय. लांब केसांना सिलिकॉनची बरी, लायक्राची घालायला सोपी पण केसांना पाणी जास्त लागतंय. आणि कृपा करून डोक्याला खोबरेल चोपडून आणू नका. क्लोरीननं केस खराब होतील म्हणून आज्या तेल लावून पाठवतात, ते सगळं पाण्यावर तरंगतंय आणि गॉगल पण घसरतो. त्यापेक्षा उतरायच्या आधी शॉवरखाली केस साध्या पाण्यानं पूर्ण भिजवा, एकदा साधं पाणी शोषलेले केस टँकचं पाणी कमी शोषतात. त्या आंघोळीचा अजून एक फायदा आहे. टँकला जो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात त्याला आपण क्लोरीन जास्त पडलंय म्हणतो, पण घाम, तेल, लघवी ह्यांच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन जे क्लोरामाइन तयार होतंय त्याचा तो वास असतो. म्हणजे सगळे आंघोळ करून उतरले तर वास निम्मा होईल, पण हे कुणाला सांगायचं.

इअरप्लग निरोगी कानाला लागत नाहीत. पाणी जातंय आणि येतंय, डोकं एका बाजूला कलतं करायचं, बाहेरून पुसायचं, संपलं. कानात बड फिरवायचा नाही, ओल्या कानाला आतून ओरखडा पडला की तिथं इन्फेक्शन धरतंय, कानाची पाळी ओढली तरी दुखायला लागतंय. कानाचा पडदा फुटलेला असेल, नळी टाकलेली असेल किंवा कान सारखा वाहत असेल तर मात्र आधी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तसंच करा, प्लग पण त्यांना विचारूनच. नोज क्लिप अजिबात नको. पाण्यात नाकातून बुडबुडे सोडणं हा पहिला धडा, क्लिप लावली की तो धडाच राहतो आणि ती काढायची म्हटलं की पोरगं रडतंय.

आता हाताचे फुगे, आणि सासूबाईंचा डबा. इथं मी सासूबाईंच्या बाजूनं आहे, डबा बांधा असं म्हणत नाही पण त्यामागचं डोकं बरोबर होतं. डबा काय, भोपळा काय, पाठीला बांधायचे, त्यामुळं अंग पाण्यावर आडवं राहायचं, हातपाय मारावेच लागायचे, आणि शिकवणारा हळूहळू मोठा डबा काढून छोटा बांधायचा, मग एक दिवस नुसतीच दोरी. दंडाला फुगे लावलेलं मूल पाण्यात उभं लोंबकळतंय, सायकल मारल्यासारखे पाय हलवतंय, आणि त्याला वाटतंय आपण पोहतोय. ती उभी राहायची सवय मोडायलाच माझे आठ-दहा दिवस जातात. दुसरं म्हणजे ते निसटतात, त्यातली हवा जाते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई निर्धास्त होऊन मोबाइल बघायला लागते. ते खेळणं आहे. जीव वाचवायचं काम लाइफ जॅकेटचं, ते वेगळं, ते मापाचं, बकल लावून, नावेत बसताना घालायचं, पोहता येत असलं तरी. ऑगस्ट 2019 च्या पुरात आपल्या जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली ते आपण कुणीच विसरलो नाही, पुराच्या पाण्यात पोहायला येतंय ह्याला फार अर्थ नसतो.

किकबोर्ड बहुतेक टँकवर असतोच, नसला तरच घ्या. पुल बॉय, फिन्स, पॅडल, स्नॉर्कल हे चारही पुढच्या यत्तेचं. पॅडलनं खांद्यावर ताण येतो, ज्याचा स्ट्रोक, म्हणजे हात मारायची पद्धत, अजून बसलेला नाही त्यानं लावलं तर चुकीचाच स्ट्रोक जोर लावून पक्का होतो. फिन्स मला आवडतात, पण सहा महिन्यांनी, कोचनं सांगितल्यावर, आणि आखूड पात्याचे. यादीत नसलेल्या दोन गोष्टी घ्या, रबरी स्लीपर कारण ओल्या फरशीवर पाय घसरतात आणि चिखल्या होतात, आणि टर्किश टॉवेलऐवजी साधा पंचा, पटकन वाळतो. पाळीचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, पॅड पाण्यात काम करत नाही, कप किंवा टॅम्पॉनची सवय असेल तर खुशाल या, नाहीतर चार दिवस सुट्टी घ्या, फी वाया जाते म्हणून ओढाताण नको.

म्हणजे मुलीचे हजार-दीड हजार, तुमचे नंबरच्या गॉगलमुळं थोडे जास्त, दोघींचं तीन-साडेतीन हजारात बसायला हरकत नाही.

पण फी भरायच्या आधी एकदा टँकवर रिकाम्या हातानं चक्कर मारा. जीव वाचवायचं सामान आपल्या बॅगेत नसतंय, ते टँकच्या भिंतीला टांगलेलं असतंय. लांब काठी आहे का, दोरी बांधलेली रिंग आहे का आणि ती कुलपात आहे का हाताशी. खोलीचे आकडे कडेला लिहिलेत का. सगळ्यात खोल भागाचा तळ वरून स्वच्छ दिसतोय का, दिसत नसेल तर त्या पाण्यात कुणीच उतरू नये, बुडालेला माणूस पण दिसणार नाही. तळाच्या जाळ्या जागेवर आहेत का, तुटक्या जाळीत केस ओढले जातात. मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8 ठेवतात, रोजचा आकडा बोर्डवर लिहिलेला असला तर उत्तम, नसला तर विचारा, उत्तर देताना कसे बघतात त्यावरून बरंच कळतंय. आणि लाइफगार्ड म्हणून जो आहे तोच पावत्या फाडत बसलाय का ते पण बघा.

आता शेततळं. नदीला निदान लोक घाबरतात. भिलवडी, औदुंबरपासून इकडं सांगलीपर्यंत मगरींची भीती आहे, बंधाऱ्याखाली पाणी आत ओढतंय, कोयनेचं पाणी सोडलं की पातळी वाढते, हे सगळ्यांना माहितीय. शेततळ्याला कुणी घाबरत नाही कारण ते आपलं, घरचं, संथ. मोठं शेततळं म्हणजे 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, आणि आतून 500 मायक्रॉनचा कागद, म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर. महिना-दोन महिने पोहलेलं मूल ते आरपार जाईल. अडचण पोहण्याची नाहीच, बाहेर येण्याची आहे. त्या कागदावर शेवाळ धरलेलं असतंय, उतारावर पाय टिकत नाही, हाताला धरायला काही नाही, चांगला पट्टीचा पोहणारा माणूस सुद्धा कडेला येऊन घसरत घसरत दमतो आणि मग गटांगळ्या खायला लागतो. आणि त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तो पण तिथंच अडकतो. दरवर्षी पेपरात एकाच घरातल्या दोघा-दोघांच्या बातम्या येतात त्या अशाच.

म्हणून तुमच्या कोचला दोन गोष्टी मुद्दाम सांगा. पहिली, मुलीला उताणं तरंगायला शिकवा, हातपाय न मारता दोन-तीन मिनिटं, स्ट्रोक नंतर. दुसरी, महिना संपता संपता एक दिवस रोजच्या कपड्यांवर, फ्रॉक किंवा पँट-शर्टवर पाण्यात उतरवा, टँकवाल्यांची परवानगी काढून, कारण तळ्यात कुणी कॉश्च्युम घालून पडत नाही. आणि टँक शिकली म्हणजे शेततळ्यात सोडायची असं अजिबात नाही, तिथं पोहायचंच नाही, हे सगळं फक्त चुकून पाय घसरला तर म्हणून.

आणि यादीतून वाचलेले पैसे भावाकडं द्या, त्याला म्हणावं हे शेततळ्यावर घाल. चारी बाजूंना कुंपण आणि दाराला कुलूप असेलच, नसेल तर आधी ते. मग प्रत्येक बाजूला दोन जाड दोऱ्या, हाताच्या मुठीत नीट बसतील अशा, फूट-फूट अंतरावर गाठी मारलेल्या. वरचं टोक बांधाच्या बाहेर जमिनीत पक्क्या गाडलेल्या अँगलला बांधायचं, कागदाच्या कडेला किंवा कुंपणाच्या तारेला नाही. खालचं टोक तळापर्यंत सोडायचं, निम्म्यात नाही, कारण मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतंय आणि तेव्हाच पोरं तिथं असतात. जोडीला 5 लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट, आत पेलाभर पाणी ठेवायचं म्हणजे लांब फेकता येतो, आणि त्याला 20 मीटर दोरी बांधून दाराजवळच टांगायचा. आत कुणी पडलं तर उडी मारायची नाही, आधी काठी, पोहोचत नसेल तर हा कॅन, आणि ओढताना बांधावर पालथं झोपून ओढायचं, उभं राहून ओढलं की आपणच आत. हे गड्यांना पण दाखवून ठेवा आणि पोरांना पण, एकदा फेकून बघायला लावा.

उन्हात दोरी वर्षभरात कडक होऊन तुटायला लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणीला माणसं बागेत असतातच, त्याच वेळी सगळ्या दोऱ्या जोर लावून ओढून बघायच्या आणि कच्च्या वाटल्या तर बदलून टाकायच्या, म्हणजे पोरांच्या परीक्षा संपायच्या आत ते काम झालेलं असतंय.